दुपारच्या बागेला कुलूप कशासाठी?

ठाण्यात वाढलेल्या माणसाला कुणी ‘संध्याकाळी भेटू’ म्हटले की ‘कुठे?’ हे विचारायची वेळ सहसा येत नाही. तलावपाळी. कोपिनेश्वराच्या बाजूने निघायचे, मासुंदा तळ्याला एक फेरी मारायची, पाय दुखले की कठड्यावर टेकायचे आणि उठावेसे वाटेपर्यंत बसायचे. या बसण्याला कधी तिकीट लागले नाही, परवानगी लागली नाही, काही विकत घ्यावे लागले नाही. ठाण्याची सांस्कृतिक परंपरा म्हणून आपण जे काही कौतुकाने सांगतो, त्याच्या मुळाशी हे फुकटचे आणि बिनकामाचे बसणे आहे, असे माझे ठाम मत आहे. गेल्या काही वर्षांत शहरात दिवे आले, कारंजी आली, रंगीत फरशा आल्या. बसायची मुभा मात्र आक्रसत गेली, इतकी की पालिकेच्या बागाही भर दुपारी कुलपात असतात. ही तक्रार गोड आठवणींची नाही. शहर कोणाचे, याची आहे.

मासुंद्याभोवती एक फेरी मारली तरी ठाण्याचा बराच इतिहास पायाखालून जातो. कोपिनेश्वराचे देऊळ, पोर्तुगीज काळात मुळे असलेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, जांभळी नाक्याचा बाजार, काठावरचे गडकरी रंगायतन. थोडे पुढे टेंभी नाक्याकडे वळले की बेने इस्रायल या ज्यू समाजाचे १८७९ सालचे ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग, म्हणजे त्यांचे प्रार्थनामंदिर. हे सगळे चालत जाता येईल इतके जवळ आहे आणि ते तसे कोणी आखलेले नाही. ठाण्याला खाडी आहे खरी, पण खाडीचा काठ सामान्य ठाणेकराच्या वाट्याला फारसा आला नाही. पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. मध्यवर्ती कारागृह आजही त्याच भिंतींआड आहे. चेंदणीच्या कोळ्यांचे बंदर होते, पण ती राबण्याची जागा. मला वाटते, म्हणूनच टेकायला, गप्पा मारायला, मुलीच्या लग्नाचे बोलायला, नोकरी गेल्याचे दुःख सांगायला लोक तळ्याकाठी आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. मग हळूहळू हे गाव चाकरमान्यांचे झाले आणि गाडीतून उतरून घरी जाण्याआधी घटकाभर तळ्यावर थांबणे ही दिनचर्या झाली. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहत असत तेव्हा तलावपाळी ही त्या घराची तिसरी खोली होती.

तळ्याचा काठ सगळ्यांचा, हे मात्र आपोआप ठरलेले नाही. त्यासाठी आपल्याच कोकणात माणसांनी मार खाल्ला आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले होते. प्रत्यक्षात काठावर उतरायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्या लोकांवर गावात हल्ले झाले. पुढे तळे आमच्या मालकीचे, असा दावा सवर्णांनी लावला. तो उच्च न्यायालयात निकालात निघायला १९३७ साल उजाडले. म्हणजे ठरावापासून चौदा वर्षे. आजच्या बागेच्या कुलपाची त्या अन्यायाशी मी बरोबरी करत नाही, तशी कोणी करूही नये. पण महाडने एक गोष्ट कायमची शिकवून ठेवली आहे: एखादी जागा सर्वांना खुली आहे की नाही, हे ठरावाच्या कागदावरून कळत नाही. तिथे प्रत्यक्ष कोण, कधी, किती वेळ थांबू शकतो, यावरून कळते.

ठाण्याने या कसोटीवर एकेकाळी चांगले काम केले होते. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले ते १८९३ चे साल. त्याच वर्षी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले. एकीकडे देव घराबाहेर आला, दुसरीकडे पुस्तक. पुढच्या शंभर वर्षांत या दोन्ही वाटांनी ठाणेकर घराबाहेर पडत राहिला. नौपाड्यात सरस्वती शाळेच्या पटांगणात जानेवारीच्या थंडीत भरणारी म्हाळगी व्याख्यानमाला, बागेत भरणारा आचार्य अत्रे कट्टा, अभिनय कट्टा, घोडबंदरकडचा ब्रह्मांड कट्टा: यांतले काहीही मोठ्या वातानुकूलित सभागृहाच्या जोरावर उभे राहिलेले नाही. पटांगण होते, बाग होती, चार खुर्च्या होत्या. रस्त्याने जाणारा माणूस पिशवी हातात घेऊनच पाच मिनिटे थांबे आणि आवडले तर तासभर ऐके. ज्या शहरात मोकळी जागा असते तिथे श्रोता असा वाटेवर सापडतो. सभागृहाला तो आधी ठरवून यावा लागतो.

दिवाळीच्या पहाटेचे उदाहरण घ्या. राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीवर नरक चतुर्दशीला तरुण मुले-मुली नवे कपडे घालून जमतात, ही प्रथा कोणत्या मंडळाने सुरू केली नाही. फराळ झाला की निघायचे, कोपिनेश्वराचे दर्शन घ्यायचे, शाळा-कॉलेजातले जुने चेहरे शोधायचे, फोटो काढायचे. बस, एवढेच. मग त्या गर्दीवर राजकीय पक्षांची नजर गेली. मंच आले, त्यावर नेत्यांची छायाचित्रे आली, एकमेकांवर कुरघोडी करणारे ध्वनिक्षेपक आले. आता त्या सकाळी मित्राशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. जी मुले स्वतःहून एकमेकांना भेटायला आली होती, ती आता मंचाकडे तोंड करून उभी असतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा मला त्या मानाने बरी वाटते, कारण तिच्यात अजून शाळा, संस्था, ढोलपथके, सायकलवाले, नऊवारीत दुचाकी चालवणाऱ्या बायका असे सगळे स्वतः काहीतरी करतात. नुसते बघत नाहीत. फरक इथे आहे. लोक जमतात तेव्हा रस्ता जिवंत असतो. लोकांना जमवले जाते तेव्हा तो कार्यक्रमाचे नेपथ्य होतो.

आता बागेकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो.

माझ्या घराजवळ पालिकेची एक लहानशी बाग आहे. फाटकावर पाटी: सकाळी पाच ते दहा, सायंकाळी चार ते नऊ. अशाच पाट्या शहरातल्या इतर बागांवरही दिसतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्या फाटकापाशी रोज काही बायका येऊन बसतात. आजूबाजूच्या सोसायट्यांत धुणीभांडी, पोळ्या, लादी अशी कामे करणाऱ्या. सकाळची घरे आटोपलेली असतात, दुपारची दोनला सुरू व्हायची असतात. राहायला कुणी लोकमान्यनगरला, कुणी कळव्याला. तेवढ्या वेळात घरी जाऊन परत येणे होत नाही. मग चपला काढून त्यांच्यावरच बैठक मारायची, बंद फाटकाला पाठ लावायची आणि मांडीवर डबा उघडायचा. फाटकाच्या गजांतून हात घातला तर पोहोचेल इतक्या अंतरावर, गुलमोहराच्या सावलीत, सिमेंटचा बाक रिकामा असतो. आतले स्वच्छतागृहही कुलपाआड. एकदा एकीने शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराला विचारून बघितले, तर त्याने मान हलवली. सोसायटीने मनाई केली आहे म्हणाला. तिने मग पाणीच कमी प्यायचे ठरवले. मार्च महिना होता.

मी आतल्या माळीकाकांना विचारले, यांना आत बसू द्यायला काय हरकत आहे? ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी हात जोडल्यासारखे केले. “ताई, ऑर्डर नाही. दुपारी पोरंपोरी येऊन बसतात, मग लोकांच्या तक्रारी येतात.”

‘येऊन बसतात’ हीच तक्रार! बाग बसण्यासाठी नसेल तर कशासाठी आहे? सकाळी चालणाऱ्यांसाठी, संध्याकाळी झोपाळ्यावरच्या मुलांसाठी, हे उत्तर मला ठाऊक आहे. ते लोकही आमचेच आहेत, त्यांना बाग हवीच. पण वेळापत्रक नीट पाहा. ज्यांना स्वतःचे घर आहे, घरात पंखा आहे, त्यांच्या सोयीच्या वेळी बाग उघडी. ज्यांना दिवसभर रस्त्यावर राहायचे आहे, त्यांच्या नेमक्या विसाव्याच्या वेळी ती बंद. कामवाली बाई, रखवालदार, घरोघरी पार्सल पोहोचवणारा मुलगा, दवाखान्यात नातेवाईक दाखल असलेला पाहुणा, मुलाखत देऊन पुढच्या गाडीची वाट बघणारा बेकार तरुण: हे सगळे दुपारचे नागरिक आहेत. पार्सलवाली मुले मोटारसायकलच्या सीटवरच आडवी होतात, पाय हँडलवर टाकून. उन्हाळ्यात ठाण्याची दुपार कशी असते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कुणी मुद्दाम या माणसांच्या विरोधात वेळापत्रक बनवले असे मी म्हणत नाही. ते बनवताना ही माणसे कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हे मात्र नक्की.

आणि पोरापोरींचेही बोलूनच टाकते. या शहरात वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलीला एकमेकांशी शांतपणे बोलायला जागा कोणती? घरी शक्य नाही, कॉफीच्या दुकानात दोन कप म्हणजे एखाद्याचा दिवसाचा प्रवासखर्च. मग उपवन तळ्याच्या काठावर नाहीतर येऊरच्या डोंगरातल्या रस्त्याकडेला बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरा झेलायच्या. बागेत, लोकांच्या समोर, उजेडात बसलेली मुले सुरक्षित असतात. कुलूप लावून आपण त्यांना अंधाऱ्या आडवळणाला पाठवतो. मुलींच्या आईवडिलांनी तरी बागा उघड्या ठेवा म्हणून पुढे यायला हवे.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. दारू पिणारे, गर्दुल्ले हे रिकाम्या बागेत शिरतात, हे खरेच. पण ते शिरतात ते ती रिकामी असते म्हणून. जिथे डबा खाणाऱ्या दहा बायका बसलेल्या आहेत, पेन्शनर पेपर वाचत आहेत, तिथे बाटली उघडायला माणूस धजावत नाही. साफसफाईसाठी तासभर बाग बंद ठेवा, किंवा एक बाजू आज, दुसरी उद्या अशी झाडून घ्या. त्यासाठी सहा तास कुलूप लागत नाही.

मैदानांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझे मत अनेकांना पटणार नाही. स्टेशनपासून जवळचे गावदेवी मैदान आठवा. शेजारी मंडई, वर मोकळे आकाश. तिथे सभा झाल्या, प्रदर्शने भरली, आणि एरवी मुले खेळली. स्मार्ट सिटी योजनेत त्या मैदानाच्या पोटात वाहनतळ बांधला गेला. विरोध झाला, तरी काम झाले. वर मैदान पुन्हा करून दिले आहे, मग नुकसान काय, असे विचारणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. नुकसान हे की छताच्या स्लॅबवर जेवढी माती टाकाल तेवढ्यातच झाड वाढते. वडापिंपळासारखे झाड तिथे कधीच उभे राहू शकत नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. शिवाय वाहनतळाला वाटा लागतात, हवेची व्यवस्था लागते, आणि मैदान हळूहळू त्या बांधकामाचे गच्चीवरचे अंगण होऊन बसते. नौपाड्यात गाडी लावायला जागा नाही हे मी रोज अनुभवते. पण गाडी ही ज्याची त्याची खासगी वस्तू आहे. तिच्यासाठी सगळ्यांच्या मालकीची जमीन कायमची बांधून टाकायची असेल, तर निदान त्यावर शहरभर भांडण तरी व्हायला हवे होते. स्टेशनसमोर सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसराची वाहतूक सुधारण्याच्या योजनेतला, पूल झाला तेव्हाही असेच झाले. बस वर गेल्या, ते गरजेचेही होते. पण शहराच्या दारातला चौक पुलाच्या सावलीत गेला आणि तिथे थांबण्यासारखे काही उरले नाही.

मैदान मंडपांना देण्याचेही तसेच. जत्रा, महोत्सव, सभा हव्यातच, त्यांच्याशिवाय मैदान हे मैदान वाटत नाही. पण खड्डे खणून बांबू रोवले, आठवडाभर मंडप राहिला, उतरवायला आणखी चार दिवस गेले, आणि मग खेळपट्टीत खिळे सापडत राहिले, हे कोणत्याही मुलाला विचारा. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातले कलम ३७अ मैदानाचा असा तात्पुरता वापर ठरावीक दिवसांपुरताच करू देते. दादरच्या शिवाजी पार्कवर बिगरक्रीडा कार्यक्रमांसाठी वर्षाचे ४५ दिवस ठरवून दिलेले आहेत. ठाण्यातल्या प्रत्येक मैदानाच्या फाटकावर एक फलक का नसावा: यंदा किती दिवस दिले, कुणाला दिले, किती शिल्लक? मार्च २०२२ नंतर काही वर्षे ठाण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात शहराच्या जागांबद्दल सभागृहात वाद घालणारे कोणी नव्हते. म्हणून तर हे फलक जास्त गरजेचे.

घोडबंदर रस्त्याकडे गेले की चित्र पालटते. तिथे बागा भरपूर आहेत, पण कमानीच्या आत. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. त्यामुळे प्रत्येक गृहसंकुलात हिरवळ, घसरगुंडी, धावपट्टी असते. तिथे राहणाऱ्या मुलांसाठी ती चांगलीच. पण पलीकडच्या पाड्यावरचा, वागळे इस्टेटच्या चाळीतला मुलगा त्या मुलाला कुठे भेटणार? माझ्या पिढीत डॉक्टरचा मुलगा आणि रिक्षावाल्याचा मुलगा एकाच मैदानात एकमेकांना बाद देण्यावरून भांडत होते. पुढे त्यांतला एक नगरसेवक झाला आणि दुसरा त्याच्याकडे पाण्याची तक्रार घेऊन गेला, तेव्हा दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक होते. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांच्या आसपास असलेले हे शहर आता कितीतरी वाढले आहे. त्यातली मोठी वाढ कमानींच्या आत झाली आहे. या नव्या ठाण्यात माणसे एकमेकांना ओळखणार कुठे, याची मला खरोखर काळजी वाटते.

खाडीपलीकडे नवी मुंबईत हा विचार कागदावर आधी केला गेला होता. ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी त्याआधीच मुंबईच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली होती. कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत आखली तेव्हा सात घरांमध्ये मिळून साधारण आठ मीटर लांबी-रुंदीचे एक अंगण ठेवले. असे तीन गट जोडून एकवीस घरांना त्याहून मोठे, आणि मग त्याहून मोठे. घर लहान असले तरी दार उघडले की सामायिक जागा हाताशी. आज तिथे बरीच घरे पाडून उंच झाली आहेत, अंगणांत गाड्या उभ्या आहेत. तरी त्या वस्तीतून चालताना घरांची दारे एकमेकांकडे उघडतात हे जाणवते. वाशी, नेरूळचे रस्ते रुंद आहेत, सेक्टरागणिक मैदाने आहेत, आणि ठाणेकर म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. पण ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले त्या आगरी-कोळी गावठाणांना त्या मोकळेपणातला वाटा फारच थोडा मिळाला. १९८४ मध्ये या जमीनधारकांच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसे गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन त्यांना परत देण्याची गोष्ट पुढे सरकली. आखीव शहरातही जागा कुणाची, हा प्रश्न आखून सुटत नाही.

ठाण्याला नवी मुंबई होता येणार नाही आणि व्हायचेही नाही. आपल्याकडे तळी आहेत: मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, रायलादेवी, अशी तिसाहून अधिक. गणपतीच्या विसर्जनासाठी आपण तळ्याशेजारी कृत्रिम हौद स्वीकारले. सुरुवातीला भावना दुखावल्याची ओरड झाली, आता घरोघरचे लोक रांगेत उभे राहून तिथे विसर्जन करतात. सर्वांच्या जागेसाठी आपली सवय बदलायची ठाणेकराची तयारी असते, याचा हा पुरावा माझ्यासाठी पुरेसा आहे. तेव्हा पुढच्या सुशोभीकरणाच्या निविदेत आणखी एक कारंजे घालण्याऐवजी सावलीतले बाक घाला, आणि त्या बाकांच्या मधोमध कुणी आडवे होऊ नये म्हणून लोखंडी दांडा बसवू नका. थकलेला माणूस अर्धा तास आडवा झाला तर शहराचे काही जात नाही. तळ्याकाठी खाण्याच्या स्टॉलना जागा द्या, पण काठाची सलग लांबी कुणाच्याही खुर्च्या-टेबलांना देऊ नका. नव्या गृहसंकुलांना परवानगी देताना त्यांच्या मोकळ्या जागेचा काही भाग रस्त्याच्या बाजूला, कुंपणाबाहेर सोडायला लावता येतो का, हे नगररचना विभागाने तपासावे.

या सगळ्याला वेळ लागेल, पैसे लागतील, काही ठिकाणी नियमही बदलावे लागतील. दुपारी बागा उघड्या ठेवायला मात्र यातले काहीही लागत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाने एक परिपत्रक काढायचे, पाटीवरची वेळ बदलायची आणि माळ्याला चावीसोबत तशी लेखी ऑर्डर द्यायची. बाग उघडताना आतले स्वच्छतागृहही उघडायचे. या उन्हाळ्याच्या आत हे करावे, अशी माझी मागणी आहे. आपापल्या प्रभागातल्या बागेची पाटी वाचून प्रत्येकाने ती लेखी मागावी.